मुलाची शैक्षणिक मानसशास्त्रीय चाचणी : कागद कुठे अडतात आणि त्या दिवशी काय होतं

मूल वाचन, लेखन किंवा गणितात का अडतं हे शोधणाऱ्या या चाचणीसाठी नाव नोंदवणं सोपं आहे. फॉर्म भरा, संमतीवर सही करा, तारीख घ्या. चाचणी अडते ती सोबतच्या कागदांवर.

डोळे आणि कान तपासल्याचा अलीकडचा अहवाल बहुतेकांकडे नसतो. मुलाला अक्षर नीट दिसत नसेल किंवा शब्द नीट ऐकू येत नसेल, तर वाचनात अडचण का येते हे चाचणीतून कळणार कसं? म्हणून ही तपासणी आधी करून घ्या. चष्मा असेल तर त्या दिवशी तो आठवणीने न्या.

दुसरी गोष्ट वह्यांची. एक आई घरी पुन्हा लिहून घेतलेली, सुवाच्य अक्षरातली वही घेऊन आली होती. पिशवीच्या तळाशी रफ वही होती, पण ती दाखवायची तिला लाज वाटत होती. त्या वहीत ‘घर’चं ‘धर’ झालं होतं, वेलांट्या गळाल्या होत्या, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिला होता. तपासणाऱ्याला हवी असते ती हीच वही. कृपा करून जुन्या वह्या रद्दीत घालू नका.

शाळेच्या फॉर्मवर ‘हुशार आहे, लक्ष देत नाही’ एवढंच लिहून मिळतं. त्याचा काही उपयोग नाही. नेमकं काय जमत नाही, कधीपासून, शाळेने काय करून पाहिलं, हे वर्गशिक्षकांकडून मागून घ्या. घरची आणि शाळेची भाषा वेगळी असेल तर तेही आधीच सांगा. नाहीतर भाषा कच्ची म्हणून गुण कमी पडतात आणि ठपका बुद्धीवर येतो.

आधी कुठे चाचणी झाली असेल तर लपवू नका. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात आणि निष्कर्षावर विसंबता येत नाही. घरी सराव घेऊ नका, तोही याच कारणासाठी.

चाचणीला साधारण दोन-तीन तास लागतात, कधी दोन बैठका होतात. ठोकळे जुळवणं, आकडे ऐकून परत सांगणं, शब्दांचे अर्थ, वाचन, श्रुतलेखन, गणितं. बरेचसे प्रश्न सोप्यापासून सुरू होऊन मूल अडेपर्यंत कठीण होत जातात. त्यामुळे हुशार मूलही ‘मला काहीच आलं नाही’ म्हणत रडवेलं होऊन बाहेर येतं. असं होणार आहे, हे त्याला आदल्या दिवशीच सांगा. मूल आजारी असेल तर तारीख बदला.

अहवालातला एक आकडा पालकांना हमखास घाबरवतो. 40 पर्सेंटाइल म्हणजे 40 टक्के गुण नव्हेत! त्याच वयाच्या 100 मुलांपैकी साधारण 40 जणांच्या बरोबरीने किंवा पुढे, असा त्याचा अर्थ, आणि ते सरासरीतच मोडतं. बुद्ध्यांकाची सरासरी 100 असते; 85 ते 115 मध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं येतात. एकूण आकड्यापेक्षा उपचाचण्यांमधली, म्हणजे चाचणीच्या वेगवेगळ्या भागांमधली, तफावत कधीकधी जास्त सांगते. ती समजावून घेतल्याशिवाय उठू नका.

परीक्षेतल्या सवलतीसाठी हे करत असाल तर मुदत नीट वाचा. ती बहुधा अहवाल जमा करण्याची असते, पालक मात्र ती चाचणीची समजतात. लेखी अहवाल हाती पडायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. कोणत्या तज्ज्ञाचा आणि किती जुना अहवाल चालेल, हे परीक्षा घेणाऱ्यांकडून आधी लेखी घ्या. सगळं झाल्यावर ‘हा चालत नाही’ म्हणून मूल परत पाठवलं जातं, याची चीड येते. अहवालावर तज्ज्ञाची सही, त्यांचा नोंदणी क्रमांक आणि वापरलेल्या चाचण्यांची नावं आहेत ना, हे तिथेच पाहा. मूळ प्रत मात्र कुणालाही देऊ नका.