फॅन-थ्रोटेड सरडे : प्राचीन हवामान व जनुकीय विविधता

भारतीय उपखंडातील माळरान, सडे व झुडपी रानांत राहणाऱ्या, ॲगॅमिडी कुलातील सिताना आणि सरडा या दोन प्रजातींतील सरडे. (येथे प्रजाती म्हणजे जीनस व जाती म्हणजे स्पीशीज; वृत्तपत्रांत हा संकेत सर्रास उलटतो.) नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. विणीच्या हंगामात तो दगडावर चढून ती पंख्यासारखी उलगडतो. सरडा प्रजातीत या पंख्यावर निळा, काळा व नारिंगी रंग असतात. सितानातील काही जातींत तो बराच फिकट असतो. दोन्ही प्रजातींत मागच्या पायाला चारच बोटे असतात.

फ्रेंच निसर्गवैज्ञानिक क्यूव्हिए याने 1829 मध्ये सिताना पाँटिसेरियाना या जातीचे वर्णन केले. पुढे जवळजवळ पावणेदोन शतके उपखंडातील बहुतेक नमुने याच नावाखाली जमा होत राहिले. जर्डन याने 1870 मध्ये दख्खनी जात वेगळी काढली होती, पण ती फारशी मानली गेली नाही. 2016 मध्ये दीपक, गिरी, कारंथ या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी प्रजाती व पाच नव्या जाती प्रसिद्ध केल्या. नव्या प्रजातीला दिलेले ‘सरडा’ हे नाव मराठी शब्दच आहे. तिच्यातील सरडा सुपर्बा ही जात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरची.

या विविधतेचा हवामानाशी संबंध दीपक व कारंथ यांच्या 2018 मधील अभ्यासात तपशिलाने मांडलेला आहे. 107 ठिकाणच्या नमुन्यांच्या जनुकक्रमांवरून त्यांनी 15 जाती ओळखल्या. पैकी 13 द्वीपकल्पीय भारतातील आहेत. पाच जीवाश्मांच्या आधारे केलेल्या कालमापनानुसार या वंशाचे विभाजन सुमारे 1.8 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले आणि सुमारे 1.1 कोटी वर्षांपूर्वीपासून त्याचा वेग वाढला. पहिला टप्पा मोसमी हवामान स्थिरावण्याशी, तर दुसरा मोसमी वारे तीव्र होऊन प्रदेश कोरडा पडू लागण्याशी जुळतो, असे त्यांचे मत. हे आकडे अर्थातच ठोकळ मानावेत.

अडचण आहे ती मोसमी हवामानाच्या वयाची. अरबी समुद्रातील गाळात, मोसमी वाऱ्यांमुळे खोलातले थंड पाणी वर येते तेथे वाढणाऱ्या फोरॅमिनिफेरांचे (कवचधारी एकपेशीय सूक्ष्मजीवांचे) प्रमाण साधारण 80 लाख वर्षांपूर्वी वाढलेले दिसते, आणि पूर्वी हीच मोसमी वाऱ्यांची सुरुवात समजली जाई. पाकिस्तानातील पोटवार पठारावरील शिवालिक थरांतील कार्बन समस्थानिके सी-4 गवतांचा (उष्ण, कोरड्या हवेत तग धरणाऱ्या गवतांचा) प्रसार सुमारे 70 ते 80 लाख वर्षांपूर्वीचा दाखवतात. मालदीवजवळील गाळावरून 2016 मध्ये 1.29 कोटी वर्षे हा आकडा पुढे आला. चीनमधील वाऱ्याने आणलेली माती 2.2 कोटी वर्षांपर्यंत मागे नेते, तर म्यानमार व चीनमधील पुराव्यांवरून काही जण थेट इओसीन युगापर्यंत (सुमारे 5.6 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वी) जातात. हे पुरावे एकाच गोष्टीचे नाहीत: कोणी वारा मोजतो, कोणी पाऊस, कोणी गवत. शिवाय पोटवार दख्खनपासून बराच दूर आहे. त्यामुळे पहिल्या फुटीचा मोसमी हवामानाच्या ‘आरंभा’शी लावलेला मेळ सैल वाटतो, नंतरच्या वेगवाढीचा कोरडेपणाशी लावलेला संबंध अधिक भक्कम आहे.

त्याला ओटोक्रिप्टिस या जवळच्या प्रजातीचाही आधार मिळतो. तिच्या मोजक्याच जाती श्रीलंकेत व पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे जंगलातील पाचोळ्यात राहतात, आणि त्यांच्या मागच्या पायाची पाचही बोटे शाबूत असतात. वंशवृक्षात त्या एका गटात बसत नाहीत. जंगल आक्रसत गेल्यावर मागे उरलेल्या या शाखा असाव्यात. उघड्यावर आलेली शाखा मात्र फोफावली.

इतर सरीसृपांचे कालक्रम असेच असतील असे नाही. माळावरच्या ऑफिसॉप्स सरड्यांचा 2017 मधील वंशवृक्ष भारतातील गवताळ प्रदेश प्राचीन असल्याला दुजोरा देतो. पालींच्या हेमिडॅक्टिलस प्रजातीच्या द्वीपकल्पीय शाखेचे वैविध्य तर 2020 मध्ये इओसीन-ऑलिगोसीन संधीकाळातील, म्हणजे सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीच्या, थंडाव्याशी जोडले गेले.

प्लाइस्टोसीन काळातील (सुमारे 26 लाख ते 12 हजार वर्षांपूर्वीच्या) हिमयुगांचा ठसा जातींच्या फुटीत नव्हे, तर एकाच जातीच्या स्थानिक गटांतील फरकांत शोधावा लागतो. त्या काळच्या हवामानाचा एक पुरावा असा: निलगिरीतील पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांवरून सुमारे 20,000 वर्षांपूर्वी तेथे कोरडे हवामान व गवताळ वनस्पती असल्याचे 1993 मध्ये दाखवले गेले.