पोलंडचे घोडेस्वार खरंच रणगाड्यांवर धावून गेले होते का?

'१९३९ साली पोलंडच्या घोडेस्वारांनी भाले रोखून जर्मन रणगाड्यांवर हल्ला केला' हा मेसेज कधी शौर्यकथा म्हणून येतो, कधी वेडेपणाचा नमुना म्हणून.

त्यामागे एक खरी चकमक आहे, म्हणून तो पटतो. १ सप्टेंबरला क्रोयांती गावाजवळ पोलिश स्वार तलवारी उपसून तुटून पडले, पण जर्मन पायदळावर. ते पायदळ बेसावध होतं, पांगलंही. मग झाडीतून चिलखती गाड्या आल्या आणि मशीनगनच्या माऱ्यात स्वार पडले. दुसऱ्या दिवशी तिथे नेलेल्या पत्रकारांनी मेलेले घोडे पाहिले, शेजारी रणगाडे पाहिले. गोष्ट तिथे जुळली.

पडताळायचं असेल तर त्या घोडदळाकडे कोणती शस्त्रं होती ते शोधा. ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा सापडतील. घोडा मुख्यतः पोहोचण्यासाठी. लढायचं बहुधा खाली उतरून. १ सप्टेंबरलाच मोक्रा गावापाशी अशाच एका घोडदळ ब्रिगेडने जर्मन रणगाड्यांची अख्खी डिव्हिजन दिवसभर अडवून धरली.

आणि हो, जर्मन सैन्याच्या बऱ्याच तोफाही तेव्हा घोडेच ओढत होते. मेसेजमध्ये ते कधी नसतं.