खुलासा : 'एकदा आपटलं की माणूस आपोआप शिकतो'

स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो. धीर द्यायला तो चांगलाच आहे, पण त्यातला 'आपोआप' हा शब्द खरा नाही.

उत्तरतालिका पाहिली की 'अरे, हे तर येत होतं' असं वाटतं. उत्तर कळल्यावर आपण आधी किती साशंक होतो हे मन विसरतं. मग चूक 'घाईत झाली' या एकाच खात्यात जमा होते आणि पुढच्या पेपरात पुन्हा भेटते.

पडताळा घरीच घेता येतो. सराव पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे 'ख' (खात्री) किंवा 'अं' (अंदाज) लिहा. तालिका उघडण्याआधीच, नंतर लिहिलं तर उपयोग नाही. मग चुका वेगळ्या करा : वाचलंच नव्हतं, वाचलं पण आठवलं नाही, प्रश्नातले 'अयोग्य विधान' हे शब्द नजरेतून सुटले. 'ख' असूनही चुकलेले प्रश्न सगळ्यांत मोलाचे, कारण तिथे चुकीचीच माहिती पक्की बसलेली असते. अंदाजांचा हिशेब निराळा. प्रश्नाला 2 गुण आणि चुकीला त्याच्या पाव, म्हणजे अर्ध्या गुणाची वजावट धरली, तर 20 अंदाजांपैकी 4 बरोबर आल्यास 8 मिळतात, 16 चुकांचे 8 जातात. हाती शून्य.

आठवड्याने तेच प्रश्न पर्याय झाकून सोडवा. पुन्हा अडलात, तर नुसतं आपटणं झालं होतं, शिकणं अजून बाकी आहे.