शहर उठलं, गादी राहिली

कोल्हापूर-सांगलीकडचे पाहुणे आले की आम्ही फोंडेकर त्यांना आधी मंगेशीला नेतो, मग कवळ्याच्या शांतादुर्गेला आणि तिथून पणजीच्या वाटेवर जुने गोव्याला. गांधी सर्कलला उतरलं की पाय आपसूक बॉम जेझूस बासिलिकाकडे वळतात, कारण सेंट झेवियरचं शव तिथे आहे. रस्त्यापलीकडचं पांढरं से कॅथेड्रल वेळ उरला तर! माझं मत उलट आहे. हाताशी तासभरच असेल तर आधी कॅथेड्रल पाहावं. हे शहर कसं वसलं आणि कसं मोडलं, ते त्या एका वास्तूत कळतं.

पोर्तुगीज भाषेत ‘से’ म्हणजे बिशपचं आसन. आपल्याकडे मठाची गादी म्हणतात, तसंच. ही गादी संत कॅथरिनच्या नावाची आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकून घेतला. त्याच वर्षी एकदा जिंकून दोन-तीन महिन्यांत गमावलेलं शहर पुन्हा हाती आलं होतं, म्हणून त्याने तिच्या नावाने एक लहानसं चॅपेल बांधलं. १५३४ मध्ये गोव्याला स्वतंत्र बिशप मिळाला आणि पुढे १५५७ मध्ये आर्चबिशपचा दर्जा आला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंतचा धर्मकारभार आता इथून चालणार होता. त्याला ते चॅपेल पुरणार कसं?

नवं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं. हे साल वाचताना मला दरवेळी मंगेशी आठवते. कुट्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला गेला, कारण तेव्हा अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, पोर्तुगिजांची सत्ता नव्हती. जुने गोव्याच्या आसपासची, तिसवाडीतली देवळं त्याआधीच पाडली गेली होती आणि इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय १५६० मध्येच सुरू झालं. पाहुण्यांना आम्ही एका दिवसात जी दोन ठिकाणं दाखवतो, ती अशी एकाच काळातली आहेत. एकीकडे देव रात्रीतून हलवले जात होते आणि दुसरीकडे मांडवीच्या काठावर सरकारी तिजोरीतल्या पैशांतून चिऱ्यावर चिरा चढत होता.

काम १६१९ पर्यंत चाललं आणि वास्तूचं विधिवत अर्पण १६४० मध्ये झालं. लांबी सुमारे अडीचशे फूट, रुंदी १८१ फूट. जांभ्या चिऱ्याचं बांधकाम आणि वर चुन्याचा गिलावा. बाहेरून सगळं साधं, जवळजवळ कोरडं. आत गेल्यावर मात्र पाऊल थबकतं. समोरची मुख्य वेदी वरपासून खालपर्यंत सोन्याच्या मुलाम्यात कोरलेली आहे आणि तिच्यावरच्या चौकटींत कॅथरिनची कथा आहे. अलेक्झांड्रियाची ही विदुषी धर्म सोडेना, म्हणून तिच्यासाठी खिळ्यांचं चाक आणलं गेलं आणि शेवटी तिचा शिरच्छेद झाला. हेच चाक पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हात आलं.

शिरल्यावर उजव्या हाताला बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे. ते १५३२ सालचं, म्हणजे या वास्तूहून तीस वर्षांनी जुनं. झेवियरने याच पात्रातल्या पाण्याने लोकांना बाप्तिस्मा दिला, असं सांगतात. मी तिथे नेहमी जरा जास्त रेंगाळतो. कित्येक गोवेकर घराण्यांची आडनावं अशाच पात्राशी बदलली. त्यांचे भाऊबंद नदीपलीकडे गेले, पण कुळाच्या आठवणी दोन्हीकडे टिकल्या.

बाहेर येऊन दर्शनी भिंतीकडे तोंड करून उभं राहा. डावीकडे बुरूज आहे, उजवीकडे नाही. तो १७७६ मध्ये कोसळला आणि परत कुणी बांधला नाही. उरलेल्या बुरुजात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. तिच्या नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात. इन्क्विझिशनच्या कैदेत पडलेला फ्रेंच वैद्य देलाँ याने लिहून ठेवलंय, की १६७६ मध्ये शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली. इन्क्विझिशनचा वाडा याच चौकात होता. घंटेचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.

बुरूज का बांधला नाही, याचं उत्तर शहरातच आहे. तोवर इथे राहायला माणसंच उरत नव्हती. साथींनी वस्ती पोखरली, मांडवी गाळाने भरत गेली आणि व्यापार डचांनी पळवला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. ओस घरांचे चिरे तिकडच्या बांधकामाला गेले. १८३५ च्या सुमारास धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर त्यांचे मठ उघडे पडले. ऑगस्टिनियनांच्या प्रचंड चर्चचा आज एक अर्धा मनोराच उभा दिसतो. कॅथेड्रल कुठल्या संघाचं नव्हतं, आर्चबिशपच्या गादीचं होतं, म्हणून तिथली प्रार्थना खंडली नाही. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याची चर्चेस आणि मठ जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात तेही आहे.

आर्चबिशपचा वाडा आता पणजीत आल्तिनोवर आहे, गादी मात्र इथेच. दहा वर्षांनी शवप्रदर्शन असतं, तेव्हा झेवियरची पेटी बासिलिकातून मिरवत या कॅथेड्रलमध्ये आणतात. गेल्या खेपेला, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात, रांगेत माझ्यापुढे साष्टीच्या एक आजी होत्या आणि मागे डिचोलीचं एक हिंदू कुटुंब. ‘गोंयच्या सायबाक’, म्हणजे झेवियरला, हात जोडायला दोघंही पहाटेच घरून निघाली होती.