एडीएचडी आणि चिंता असलेल्या पूर्वकिशोरांची तीव्र चिडचिड

अवधानातील त्रुटी व अतिचंचलता (एडीएचडी) आणि चिंताविकार ही दोन्ही निदाने असलेल्या, साधारण ९ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये दिसणारा राग. तो क्षुल्लक कारणाने उसळतो, प्रसंगाच्या मानाने फार मोठा असतो आणि पुष्कळ मुलांत लवकर शमत नाही. चिडचिड हा स्वतंत्र आजार नाही. एडीएचडीच्या अधिकृत निकषांत ती मोजली जात नाही, सार्वत्रिक चिंताविकाराच्या लक्षणांत मात्र तिची नोंद आहे. तरी घरच्यांना आणि शिक्षकांना आधी दिसते ती चिडचिडच. मूल वस्तू विसरते, मनातल्या मनात धास्तावते, रात्री उशिरापर्यंत जागे असते, हे लक्षात येईपर्यंत ‘नाकावर राग असलेले मूल’ असा शिक्का बसलेला असतो.

एक नेहमीचे दृश्य घेऊ. अकरा वर्षांची मुलगी गृहपाठाला बसली आहे. दुसऱ्या ओळीत एक अक्षर वाकडे आले म्हणून ती खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते; खोडरबराने कागद फाटतो. आई जवळ येऊन म्हणते, “अगं, दोनच ओळी राहिल्यात.” वही भिंतीवर आदळते, मागोमाग कंपासपेटी, आणि “तुला काही कळत नाही!” असे ओरडून दार आपटले जाते. वीस मिनिटांनी तीच मुलगी रडवेल्या चेहऱ्याने आईच्या शेजारी येऊन बसते. झाले काय, असे विचारले तर तिला सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

या एका थयथयाटामागे दोन निराळी कारणे असू शकतात. या विषयातील बहुतेक गोंधळ ती वेगळी न केल्यामुळे होतो.

पहिले कारण एडीएचडीचे. भावना आवरून धरण्याची, मनात आलेली कृती क्षणभर रोखण्याची क्षमता अशा मुलांमध्ये उशिरा तयार होते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००७ मधील अभ्यासात मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडी कमाल होण्याचे (ही मेंदू परिपक्व होण्याची एक खूण) मध्यक वय इतर मुलांत ७.५, तर एडीएचडी असलेल्या मुलांत १०.५ वर्षे आढळले. म्हणजे वय अकरा, अपेक्षा अकरा वर्षांच्या मुलाच्या, आणि लगाम मात्र त्याहून लहान मुलाचा. हा राग प्रामुख्याने अडवणुकीचा असतो: रंगात आलेला खेळ मध्येच थांबवावा लागला, हवी ती गोष्ट ‘नंतर’वर गेली, रांगेत उभे राहावे लागले. तो झटकन उसळतो आणि पुष्कळदा तितक्याच झटकन ओसरतो. घरचे अजून धुमसत असताना मूल शीळ वाजवत फिरत असते.

दुसरे कारण भीतीचे. धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होते, आणि पळण्याची वाट बंद झाली की लढणेच उरते. या वयातील मूल “मला भीती वाटते” असे सहसा म्हणत नाही. ते म्हणते, “मला नाही जायचं, फालतूपणा आहे सगळा.” चिंतेतून आलेल्या रागाला बहुधा पूर्वसूचना असते: सकाळी पोटात दुखणे, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारणे, बेत बदलला की बिथरणे. अशी काही मुले शाळेत दिवसभर अगदी शहाण्यासारखी वागतात आणि घराचा उंबरठा ओलांडताच फुटतात. घरच्यांचे लाड हे त्याचे कारण समजले जाते. खरे तर दिवसभर आवळून धरलेले जिथे सोडता येते तिथे ते सुटते.

दोन्ही एकत्र असली की ती एकमेकांना खतपाणी घालतात. लक्ष नसल्याने चुका होतात, चुकांमुळे बोलणी बसतात, बोलणी बसतील या धास्तीने डोक्यातली कामचलाऊ स्मृती (हातातल्या कामापुरते लक्षात धरून ठेवण्याची जागा) व्यापली जाते आणि चुका आणखी वाढतात. बाहेरून पाहताना घोळ अधिकच वाढतो, कारण काळजीत बुडालेले मूलही वर्गात हरवल्यासारखे दिसते, चुळबुळ करते. त्यातच हे वय वयात येण्याच्या उंबरठ्यावरचे. अभ्यासाचा भार वाढतो, बरोबरीच्या मुलांशी तुलना सुरू होते, आणि ६ ते १२ या वयात लागणारी ९ ते १२ तासांची झोप नेमकी याच मुलांना मिळत नाही.

निदानाचा इतिहास थोडक्यात असा. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत वर्णिलेल्या चंचल मुलांमध्ये भडकू स्वभावाचा उल्लेख आहे. पुढे लक्ष आणि हालचाल यांवर भर आला व राग मागे पडला. १९९० च्या दशकात अमेरिकेत सतत चिडणाऱ्या मुलांना द्विध्रुवी विकार (मनःस्थिती अतिउत्साह आणि नैराश्य या दोन टोकांत जाणारा आजार) ठरवण्याची लाट आली. तिला उत्तर म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ एलेन लायबेनलुफ्ट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दीर्घकाळच्या चिडचिडीचे वेगळे वर्णन मांडले. त्यातूनच २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत ‘विघटनकारी मनःस्थिती अनियमन विकार’ हे निदान आले. त्यासाठी आठवड्यातून सरासरी तीन वा अधिक उद्रेक, मधल्या काळातही जवळजवळ रोज टिकून राहणारी चिडचिड आणि हे सारे किमान १२ महिने, अशा अटी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाने मात्र नवा विकार न मानता आधीच्या ‘विरोधी-अवज्ञाकारी विकारा’चा (सतत वाद घालणे, मोठ्यांचे न ऐकणे) एक उपप्रकार केला. पाठपुराव्याच्या अभ्यासांत अशा मुलांना पुढे द्विध्रुवी विकारापेक्षा नैराश्य आणि चिंतेचा धोका अधिक असल्याचे दिसते. निदानाच्या नावावरून वाद चालू असले तरी व्यवहारात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे.

हाताळणी

उद्रेक चालू असताना शिकवता येण्यासारखे काहीही नसते. त्या वेळी समजावणे, जाब विचारणे, “शांत हो” म्हणणे हे सगळे आगीत तेल ठरते. आवाज खाली आणावा, शब्द कमी करावेत, फेकता येतील अशा वस्तू आणि भावंडे दूर करावीत आणि जवळपास, पण अंगावर न जाता थांबावे. शिक्षा जाहीर करण्याची घाई करू नये; रागाच्या भरात जाहीर केलेली महिनाभराची बंदी तिसऱ्या दिवशी मागे घ्यावी लागते, आणि मुलाला तेवढेच लक्षात राहते.

खरे काम आधी आणि नंतर असते. प्रत्येक उद्रेकाच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले, ते दोन-तीन आठवडे वहीत टिपून ठेवले तर आकृती दिसू लागते: भूक, झोप, खेळ थांबवण्याची वेळ, किंवा दर वेळी उद्याच्या एखाद्या गोष्टीची धास्ती. साधाच उपाय, पण याला पर्याय नाही, कारण वरच्या दोन कारणांवरचे उतारे एकमेकांच्या विरुद्ध जातात.

राग अडवणुकीचा असेल तर मदत होते ती ठरलेल्या क्रमाची, एका वेळी एकाच छोट्या सूचनेची, खेळ संपण्याआधी दहा आणि पाच मिनिटांवर दिलेल्या इशाऱ्याची आणि चांगल्या वागणुकीला लगेच मिळणाऱ्या दादेची. आठवड्याच्या शेवटी मिळणारे बक्षीस या मुलांसाठी फार लांब असते. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घरात तयार होणारे एक दुष्टचक्र वर्णिले आहे: पालक मागणी करतात, मूल भडकते, पालक थकून मागणी सोडतात, मूल निवते. त्या क्षणी दोघांनाही हायसे वाटते, आणि भडकणे उपयोगी पडते हा धडा पक्का होतो. पालक-प्रशिक्षणाच्या बहुतेक पद्धती हे चक्र तोडण्यावर उभ्या आहेत.

राग भीतीचा असेल तर मात्र नुसता ठामपणा पुरत नाही. घाबरलेल्या मुलाला फटकारले तर भीती दुणावते. उलट प्रत्येक भीतीदायक गोष्टीतून सोडवले तर ती कायमची होऊन बसते. उपाय मधला आहे: भीती खरी आहे हे मान्य करायचे, पण गोष्ट टाळू द्यायची नाही, तिच्या पायऱ्या करायच्या. खोडरबराने वही फाडणाऱ्या मुलीसाठी पहिली पायरी ‘एक वाकडे अक्षर तसेच ठेवणे’ इतकी लहान असू शकते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांच्या ‘स्पेस’ या पद्धतीत तर मूल उपचाराला बसतच नाही, बसतात आईवडील. मुलाच्या चिंतेपायी घराने लावून घेतलेल्या सवयी ते एकेक करून सोडतात. चिंताविकार असलेल्या १२४ मुलांवरील चाचणीत ही पद्धत मुलांना थेट दिलेल्या बोधनिक वर्तनोपचाराच्या (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारी समुपदेशन-पद्धत) तोडीची ठरली.

उद्रेक ओसरल्यावर, शक्यतो काही तासांनी, छोटे बोलणे व्हावे. “असं का केलंस?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. “वही फेकायच्या आधी पोटात कसं होत होतं?” याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. तुटलेले जोडायला, सांडलेले उचलायला मुलाने हात लावावा. ती भरपाई, शिक्षा नव्हे.

औषधांचा निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञाचा असतो. तरी काही गोष्टी घरच्यांना माहीत असाव्यात. मिथिलफेनिडेटसारखी उत्तेजके एडीएचडीची लक्षणे आटोक्यात आणून अनेकांची चिडचिडही कमी करतात, पण संध्याकाळी परिणाम उतरताना ती उसळू शकते, आणि दुपारी भूक मारली गेल्याने उपाशी पोटाचा राग त्यात मिसळतो. हे वेळापत्रक डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा वेळ बदलून पुष्कळ सुधारणा होते. चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय या नैराश्यरोधक गटातील औषधांनी सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुले अस्वस्थ व अधिक चिडकी होतात. नैराश्यरोधकांमुळे मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला, म्हणून त्या काळात बारीक लक्ष ठेवावे लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एडीएचडी असलेल्या ५७९ मुलांवरील अमेरिकी अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मुलांना चिंताविकारही होता, आणि नेमक्या याच मुलांना वर्तनोपचाराचा लाभ इतरांपेक्षा अधिक झाला.

मूल स्वतःला इजा करत असेल, मरण्याच्या गोष्टी बोलत असेल, घरच्यांना त्याची भीती वाटू लागली असेल, शाळा पूर्ण बंद पडली असेल किंवा स्वभाव काही दिवसांतच पालटला असेल, तर वही लिहीत बसू नये. तातडीने तज्ज्ञाकडे जावे. झोप जवळजवळ नाही आणि तरीही उत्साह ओसंडतो आहे, हे चित्रही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्याजोगे आहे.