भट्टी आणि साचा यांच्या मधली जागा : ओतकामातले शोध आणि गोव्याचं लोखंड

पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात धातूच्या ओतकामासाठी ‘बी 22 डी’ नावाचा एक कप्पा आहे. त्यातला पहिला गट लाडलमधल्या (भट्टीतून साच्यापर्यंत रस नेणाऱ्या भांड्यातल्या) रसावर, म्हणजे वितळलेल्या धातूवर, तो साच्यात पडण्याआधी करायच्या प्रक्रियांचा. सत्ताविसावा गट साच्यात पडल्यावर, रस थिजेपर्यंत, काय करायचं याचा. फाउंड्रीत पाऊल न टाकलेल्या माणसाला भट्टीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण डोळ्यांत भरते ती भट्टी. पण गेल्या शतकभरात ओतकामाचा चेहरामोहरा बदलणारे बरेच शोध भट्टीतून रस बाहेर पडल्यानंतरच्या थोड्या मिनिटांत लागले. गोव्यातून हा इतिहास पाहण्याला वेगळं कारण आहे. इथं खनिज होतं, ओतारी होते, बंदरही होतं. तरीही इथल्या लोखंडाला फाउंड्रीच्या बाजारात नाव मिळायला विसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं.

सुरुवात तोफांपासून करावी लागते. 1510 मध्ये आल्फोन्सो द अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतला, तेव्हा इथं तोफा-बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते. त्यांचं काम बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचं आहे, असं त्यानं पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं. दख्खनची ही विद्या किती पुढे गेली होती हे पाहायचं तर विजापूरची मलिक-ए-मैदान पाहावी. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. जुने गोव्यात पोर्तुगीजांची तोफांची ओतशाळा होती आणि बोकार्रो घराणं तिथं पिढ्यान्‌पिढ्या ओतकाम करत होतं. त्यातलाच मानुएल तावारीस बोकार्रो 1620 च्या दशकात मकावला गेला. तिथं जपानी तांबं वापरून त्यानं ओतलेल्या तोफा पूर्वेकडच्या किल्ल्यांवर चढल्या. म्हणजे गोव्यातून तेव्हा ओतकामाचं ज्ञान बाहेर जात होतं. पुढं काय बाहेर जाऊ लागलं, ते लक्षात घेतलं तर हे विसरता येत नाही.

तोफा आणि घंटा एकाच माणसाच्या हातच्या. फरक मिश्रणाचा. तोफेच्या ब्राँझमध्ये कथील साधारण दहा टक्के, घंटेत वीस-बावीस. कथील वाढलं की धातू ठिसूळ होतो, पण नाद येतो. जुने गोव्यातल्या से कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’ 1652 मध्ये कुंकळ्ळीला ओतली गेल्याचं सांगतात. घाटमाथ्यावरच्या वाचकाला ही घंटा परकी वाटू नये. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मिरवत आणल्या गेल्या, आणि भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणी आजही त्या मोहिमेतल्या म्हणून घंटा दाखवतात. कारागिरीच्या हिशेबात ते एकच घराणं. कासारांच्या ताटातलं कांसंही जवळपास त्याच मिश्रणाचं. कुंकळ्ळी-डिचोलीकडच्या समया आणि घंटा करणाऱ्या कारागिरांकडे हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजानं चालत आलं.

त्या काळीसुद्धा रसावर ‘प्रक्रिया’ होतीच. जगभरचे तांबट वितळलेल्या तांब्यात ओल्या लाकडाचा दांडा खुपसत. लाकडातून निघणारे वायू तांब्यातला ऑक्सिजन खेचून घेतात आणि ओतीव स्वच्छ येते. रसायनशास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण दांडा खुपसला नाही तर काय होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण ओतकामातल्या एका अडचणीची मराठी माणसाला मोजावी लागलेली किंमत अजून नीट सांगितली जात नाही. ओतकामाचं सगळ्यात नाजूक रूप म्हणजे छपाईचे खिळे : शिसं, कथील आणि अँटिमनी. अँटिमनीमुळं खिळा कडक होतो आणि थिजताना आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार राहते. 1556 मध्ये गोव्यात छापखाना आला, भारतातला पहिला. 1577 मध्ये गोव्यात तमिळ अक्षरांचे खिळे ओतले गेले. मराठीचं मात्र राहूनच गेलं. फादर थॉमस स्टीफन्सनी 1608 च्या पत्रात अडचण मांडली : या लिपीला सुमारे 600 साचे लागतील. त्यामुळं त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. भाषा अस्सल मराठी, ओवी मराठी, आणि अक्षरं परकी. केवळ साच्यांच्या हिशेबापायी. मला तरी गोव्याच्या ओतकामातला हा सगळ्यात चुटपुट लावणारा प्रसंग वाटतो.

लोखंडाची गोष्ट वेगळ्या दिशेनं गेली. ब्राँझ महाग, पण ओतायला सोपं आणि फुटण्याआधी फुगतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, स्वस्त, पण ठिसूळ. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीनं 1707 मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि 1709 मध्ये कोळशाऐवजी कोकवर (दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनावर) भट्टी चालवली. कोळसा म्हणजे तेव्हा लाकडी कोळसा. फ्रान्समध्ये रेओम्यूरनं 1722 मध्ये पांढरं बीड दिवसेंदिवस तापवून त्याचा ठिसूळपणा घालवण्याची पद्धत लिहून ठेवली. जॉन विल्किन्सननं 1774 मध्ये भरीव ओतलेल्या तोफेला आतून भोक पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच कसबातून पुढच्याच वर्षी जेम्स वॉटच्या इंजिनाचं सिलिंडर अचूक गोल झालं. 1794 मध्ये त्यानंच कपोलाचं पेटंट घेतलं. उभी, बुटकी, कोकवर चालणारी ती भट्टी कोल्हापूरजवळच्या शिरोलीपासून बेळगावपर्यंत अनेक फाउंड्र्यांनी काल-परवापर्यंत वापरली. या सगळ्या काळात गोव्याच्या नावावर काही नाही. जुने गोवे ओस पडत चाललं होतं.

आता मुख्य शोधाकडे. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत आधीच पडलेली बारीक चीर, म्हणून बीड ताणलं की लांबत नाही, तुटतं. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमचा तुटवडा होता. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस पर्यायी मूलद्रव्यं तपासत होता. जानेवारी 1943 मध्ये त्यानं रसात मॅग्नेशियमचं मिश्रण टाकलं आणि पापुद्र्यांऐवजी ग्राफाइटचे गोल कण मिळाले. 1948 मध्ये ब्रिटनच्या हेन्टन मॉरोनं सीरियम वापरून तसेच गोल कण मिळवल्याचं जाहीर केलं, तेव्हा अमेरिकन कंपनीलाही आपलं काम उघड करावं लागलं. ऑक्टोबर 1949 मध्ये मिलिस, गॅग्नेबिन आणि पिलिंग यांच्या नावे पेटंट झालं. साधं बीड ताणल्यावर एक टक्काही लांबत नाही. या नव्या लोखंडाच्या मऊ प्रती 18 टक्के किंवा त्याहूनही जास्त लांबतात. आपल्याकडच्या फाउंड्रीत त्याला एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोल ग्राफाइटचं) म्हणतात.

कागदावर सोपं, लाडलमध्ये अवघड. मॅग्नेशियम साधारण 1,090 अंशांना उकळतं, आणि रस असतो 1,450 च्या आसपास. वर ते लोखंडापेक्षा कितीतरी हलकं. टाकलं की वर येऊन वाफ होतं. डोळे दिपवणारा पांढरा उजेड, धूर, आणि रसाचे शिंतोडे. शेवटी रसात शिल्लक हवं असतं फक्त 0.03 ते 0.05 टक्के. म्हणून 1950 नंतरचे बहुतेक शोध या एका भांड्याभोवती फिरतात. लाडलच्या तळाला खळगा करायचा, त्यात फेरोसिलिकॉन-मॅग्नेशियमचे खडे भरायचे, वर स्टीलच्या टिकल्यांचा थर द्यायचा आणि रस दुसऱ्या बाजूनं सोडायचा, म्हणजे टिकल्या वितळेपर्यंत प्रतिक्रिया थांबते. कुणी लाडलवर वाटीसारखं झाकण बसवलं. भोकातून रस आत जातो, हवा जात नाही, आणि धूर निम्म्याहून कमी होतो. स्वित्झर्लंडच्या गेओर्ग फिशर कंपनीनं आडवं-उभं होणारं भांडं केलं, ज्यात शुद्ध मॅग्नेशियमही वापरता येतं. कुणी पोकळ तारेत भुकटी भरून यंत्रानं ती तार रसात सोडली. कुणी खडे थेट साच्याच्या रनरमधल्या (रस वाहण्याच्या पाटातल्या) कप्प्यात ठेवले, म्हणजे ते काम त्या सत्ताविसाव्या गटात गेलं.

एवढं करूनही घड्याळ सुटत नाही. दहा-पंधरा मिनिटांत परिणाम ओसरायला लागतो, आणि उशिरा ओतलेले नग एसजी म्हणून निघतात पण आतून साधं बीड असतात. अनुभवी माणूस थंड नगावर हातोडी मारतो : एसजी खणखणतं, बीड बद्द वाजतं. ओल्या मळीला (रसावर जमणाऱ्या मैलाला) कार्बाइडसारखा वास येतो, तोही एक पुरावा. प्रयोगशाळेचा कागद नंतर येतो.

आता गोवा परत कथेत येतो, आणि कारण फॉस्फरस आहे. रसातलं गंधक बाहेर काढता येतं. सोडा ॲश, कॅल्शियम कार्बाइड, मॅग्नेशियम, सगळे चालतात. फॉस्फरसचं तसं नाही. झोतभट्टीत खनिज आणि कोकमधला जवळपास सगळा फॉस्फरस लोखंडात उतरतो, आणि फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीत तो काढायचा व्यवहार्य मार्ग नाही. एसजीत तो जास्त झाला तर कणांच्या सीमांवर ठिसूळ जाळी धरतो, आणि मिलिसच्या शोधाचा फायदाच निघून जातो. म्हणून एसजी ओतणाऱ्याला पिग (झोतभट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड) विकत घेतानाच कमी फॉस्फरसचं पाहावं लागतं.

गोव्यात खाणींचे परवाने पोर्तुगीजांच्या 1906 च्या कायद्याखाली दिले गेले, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस निर्यात सुरू झाली. 1950 नंतर जपानला, पुढं चीनला. बार्जेस मांडवी-झुआरीतून खनिज मुरगावला नेत. 1957 मध्ये वास्कोला गोदी उभी राहिली. लोखंड इथलं, पण भट्टी परदेशातली. ही रीत 1990 च्या दशकात थोडी मोडली. डिचोली तालुक्यात आमोण्याला सेसा या खाणकंपनीनं पिग आयर्नचा कारखाना काढला आणि कमी फॉस्फरसचं फाउंड्री पिग हा त्याचा खास माल ठरला. गिऱ्हाईक घाटापलीकडेच होतं : बेळगाव आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या. याच कंपनीनं कोक भट्टीसाठी कोळशाच्या चुऱ्याची वडी ठोकून नव्हे तर कंपनं देऊन दाबण्याची पद्धत विकसित करून पेटंटही घेतलं. गोव्याच्या खात्यावर ठळक नोंद करावी असा हा शोध आहे, आणि कॅसिनोच्या बातम्यांत तो बुडून जातो.

त्याच सुमारास, 1991 मध्ये, राज्यानं उद्योगांना वीजबिलात 25 टक्के सूट जाहीर केली. विजेवर भंगार वितळवणाऱ्यांना ती आकर्षक होती. या सवलतीचा वाद पुढं वर्षानुवर्षं कोर्टात चालला, आणि कुंकळ्ळीच्या वसाहतीभोवतीचे लोक धूर आणि मळीबद्दल तक्रारी करत राहिले. कधीकाळी घंटा ओतणाऱ्या गावाच्या वाट्याला ओतकामाची ही बाजू आली. नंतर 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या. 2018 च्या निकालानं 88 परवाने रद्द झाले, आणि लिलावानंतर खाणकाम टप्प्याटप्प्यानं सुरू होतंय.

गोव्यातून पेटंटचा अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातो. छोट्या फाउंड्रीतला फोरमन लाडलचं झाकण बदलतो, खळग्याचा कोन बदलतो, टिकल्यांचा थर वाढवतो. रिजेक्शन कमी होतं आणि काम पुढं चालू राहतं. ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि उघडपणे वापरात आलेली गोष्ट नंतर नवी म्हणून नोंदवताही येत नाही. ‘बी 22 डी’च्या पहिल्या गटात त्यामुळं इकडची नावं शोधावी लागतात. ज्यांना आपली सुधारणा टिकवायची असेल, त्यांनी पहिला नग गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी अर्ज करावा, एवढाच यातला व्यवहार.