टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडले तर?

कपाशीवरच्या फवारण्या सुरू झाल्या की परभणी-जिंतूर भागात पाठीवरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपांची घरघर ऐकू येते आणि तिच्यासोबत ‘पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्तच टाका, इंजिन टिकते’ हा सल्लाही. कमी ऑइलने पिस्टन जाम होतो, हे खरे. त्यावरून काढलेला हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

फोर-स्ट्रोक मोटारसायकलीप्रमाणे या पंपांच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते; कारण तेथील क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, स्वतःच पंपासारखी चालते. पिस्टन वर जाताना तिच्यातील दाब कमी होऊन कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल आत ओढले जाते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढते. मिनिटाला ६००० फेरे धरले, तर हे सेकंदाला १०० वेळा घडते. या धावपळीत पेट्रोलची वाफ होते. ऑइलची सहसा होत नाही, म्हणून त्याचे बारीक थेंब बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, वंगणाचे काम करतात आणि शेवटी बरेचसे जळून जातात. निळसर धूर तो हाच.

आता कार्बोरेटरच्या जेटकडे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीकडे पाहू. त्याचे छिद्र ठरलेल्या मापाचे असते. २५:१ प्रमाणात लिटरभर पेट्रोलला ४० मिलि ऑइल लागते. त्याऐवजी ८० मिलि टाकले, तर त्याच छिद्रातून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा सुमारे ९६ टक्क्यांवरून साडेब्याण्णववर येतो, शिवाय दाट झालेला द्रव संथही वाहतो. हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ, आणि अशा पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापू शकते. ज्या उष्णतेच्या भीतीने ऑइल वाढवले, तिलाच असे आमंत्रण मिळते. प्लग काळा पडणे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचणे हे वेगळेच. नव्या पंपाला लिंबू-मिरची बांधणाऱ्याने निदान पुस्तिकेतले प्रमाण तरी वाचावे. काही इंजिनांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि पुरते.

मोटारसायकलीचे उरलेले ऑइलही चालत नाही, कारण त्यातील धातुयुक्त रसायनांची जळून राख होते. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचे ऑइल कमी राख राहील असेच बनवलेले असते.

माप टोपणाने नव्हे, सुई काढलेल्या सिरिंजने घ्यावे, आणि मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून मगच टाकीत ओतावे. ऑइल पेट्रोलपेक्षा जड असल्याने थेट टाकीत ओतलेले ऑइल नीट मिसळण्याआधी तळाशी बसते, आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी नेमकी तेथूनच निघते.